ताऱ्याचं शेपूट

१२ जानेवारी, सोमवार

रागावू नकोस गं वही. किती महिन्यांनी हात लावतोय तुला, माझी मलाच लाज वाटते. मागचं पान उघडलं तर त्यावर गुडघ्याची तक्रार — आणि तेव्हा माझा दोस्त छापखानेवाला जिवंत होता! तो गेला आणि लिहायचं राहूनच गेलं. रोज म्हणायचो, उद्या लिहू. पण पेन धरलं की पहिलं वाक्य तेच यायचं, म्हणून पेन खाली ठेवायचो. आता लिहिलं. झालं एकदाचं.

आज लिहायला कारणही तसंच आहे. त्याच्या छकुलीचा फोन आला! छकुली म्हणजे आता चांगली पोक्त बाई, दुसऱ्या शहरात बँकेत साहेब आहे, पण माझ्या तोंडात तेच नाव. तीही मला अजून घड्याळकाकाच म्हणते.

“घड्याळकाका, बाबांची खोली फेब्रुवारीअखेर रिकामी करून द्यायचीय. बाकीचं मी बघते. त्यांच्या तारे बघायच्या दुर्बिणीचं मात्र तुम्ही सांगा.”

“मी काय सांगू?”

“धड आहे की मोडकी आहे, ते. बारकाईने बघा. बाबा म्हणायचे, घड्याळवाल्याच्या नजरेतून धुळीचा कण सुटत नाही.”

असं म्हणायचा होय? माझ्या तोंडावर तर कधी म्हणाला नाही!

मग म्हणाली, “धड असेल तरच नेते, काका. शेवटचं वर्षभर बाबांचं सगळं मोडकंच बघितलं. बोलणं मोडकं, चालणं मोडकं. त्यांचं एक तरी काही नीट चालणारं घरात हवंय मला. मोडकी असेल तर नको. मग तुम्हीच ठेवा, नाहीतर द्या कुणाला.”

हो म्हणालो. फोन ठेवला आणि मग उमगलं काय कबूल केलंय ते. माझं शिक्षण सातवीपर्यंत. चाळीस-पन्नास वर्षं मनगटावरची घड्याळं उघडली, पण आकाशातलं मला काय कळतं? चुकीचं सांगितलं तर? पण खरं सांगू का, आनंदही झाला. मला कुणी मत विचारलंय! घरात तर भाजीत मीठ बरोबर आहे का, हेसुद्धा कुणी विचारत नाही.

१३ जानेवारी

त्याच्या खोलीवर गेलो. किल्ली माझ्याकडेच असते. कुलूप उघडलं, आत शाईचा वास तसाच. छापखाना विकून इतकी वर्षं झाली तरी त्या माणसाचा वास गेला नव्हता, आणि आता माणूस गेला तरी तो आहेच.

दुर्बीण खिडकीजवळ. वर जुनी चादर. चादर ओढली आणि — काय थाट! पांढरी लांबलचक नळी, माझ्या कमरेपेक्षा उंच. लोखंडी तिपाई. एका बाजूला नळी, दुसऱ्या बाजूला तोल सांभाळायला लोखंडी वजन. दात्यांची चाकं पितळेची. आणि बाजूला चावी द्यायचं यंत्र! घड्याळच म्हणा ना. ते आकाशाबरोबर नळी हळूहळू फिरवतं. चावी फिरवून पाहिली, जाम.

बंद पडलेलं घड्याळ समोर आणि मी हात न लावता परत आलो. हात शिवशिवताहेत अजून.

१५ जानेवारी

मुलाने मित्राची गाडी आणून दुर्बीण आमच्या गच्चीवरच्या खोलीत पोचवली. चार मजले. वाटेत मी “हळू, हळू” म्हणत होतो, तर तो म्हणाला, “बाबा, मी झालो तेव्हा दवाखान्यातून मला आणताना एवढी काळजी घेतली होती का?”

ही जिन्यात उभी होती. म्हणाली, “घेतली होती रे. तुला उलटा धरला होता.”

दोघं हसत बसले. माझं लक्ष नळीच्या तळाशी बसवलेल्या मोठ्या आरशाकडे. पोराने नळी भिंतीला घासली, मला आवाज आला. तो म्हणतो घासली नाही. घासली!

१६ जानेवारी

रात्रभर डोक्याला भुंगा. गच्चीच्या खोलीचं छत गळत तर नाही? सकाळी जाऊन पाहिलं. नाही गळत. कुलूप बदललं. तरी चोर काय, कडीच काढतील.

ही म्हणाली, “सवत आणलीत घरात. निदान मला तरी आधी विचारायचं.”

“तुझ्यापेक्षा कमी बोलते,” म्हणालो. दुपारचा चहा मिळाला नाही.

१९ जानेवारी

तीन दिवस नुसती तपासणी. दिवसा, उजेडात, नीट. घड्याळ हातात आलं की आधी ते चालवायचं नसतं, आधी बघायचं असतं. तेच केलं.

तिपाई — एक नंबर! नळीला टिचकी मारली तरी थरथर लगेच थांबते. आजकाल दुकानात मिळणारी पोराने मोबाईलवर दाखवली, तिचे पाय म्हणजे छत्रीच्या काड्या. ही तर बैलासारखी उभी राहते. पण वजनाला तशीच. माझ्यासारख्याने एकट्याने हलवायची म्हणजे कंबर गेलीच. छकुली कुठे नेईल, कोण उचलेल?

नळी — एका जागी पोचा. जुना आहे, रंग आत उडालाय. (म्हणजे पोराने नाही पाडला. त्याला सांगणार नाही.)

डोळ्याला लावायची भिंगं तीन. ही मोठी पंचाईत. जुन्या मापाची, भोक पेनाच्या टोपणाएवढं. आताची नवी भिंगं यात बसत नाहीत. त्यातलं एक इतकं बारीक की त्यातून बघायचं म्हणजे कुलपाच्या भोकातून शेजाऱ्याकडे बघितल्यासारखं. बाकी दोन झकास.

नळीवर एक छोटी दुर्बीण आहे, मोठीने कुठे बघायचं ते आधी हिच्यातून शोधायचं. ती निव्वळ खेळणं! अंधुक, वाकडी. छापखानेवाला तिला “आंधळी पाहुणी” म्हणायचा. ती फेकून एक सरळ पोकळ नळी लावली तरी काम जास्त होईल.

भिंग पुढे-मागे करायची चकती ढिली. आत कागदाची पट्टी घातली, आता मऊ फिरते.

एकूण बरंच चांगलं! खोट काढायची म्हणून बसलो आणि दिवसभर कौतुकच करत राहिलो.

२४ जानेवारी

आज चंद्र! अंधार पडल्यावर लगेच लावली. अर्ध्याला आलेला चंद्र. खड्डे, डोंगर, डोंगरांच्या सावल्या. मी मोठ्याने “अरे वा!” म्हणालो आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, “काय झालं हो आजोबा, पडलात का?”

पण कडा मऊ. पावडर लावल्यासारखा चंद्र. छापखानेवाल्याकडे पाहिला होता तेव्हा सुरीने कापल्यासारखा दिसायचा. आरशावर धूळ असणार. एवढे महिने पडून होती ना.

त्यात नगरपालिकेने नवे पांढरे दिवे लावलेत रस्त्यावर. एकेका दिव्याभोवती हे मोठं तेजाचं कडं. बघवत नाही. सगळ्या गावाचे डोळे घालवणार हे लोक.

२५ जानेवारी

आरसा धुतला! तळाचे स्क्रू काढले, आरसा बाहेर घेतला. ताटलीएवढा, जड. त्यात माझं तोंड एवढं मोठं दिसलं की मीच दचकलो.

छापखानेवाला कसा धुवायचा ते मी पाहिलं होतं. पुसायचा नाही, कधीच नाही. “पुसलास की ओरखडा. पाण्यालाच काम करू दे,” म्हणायचा. तसंच केलं. साबणाच्या पाण्यात ठेवला, वरून स्वच्छ पाणी सोडलं, उभा करून वाळवला. हिला न्हाणीघरात तासभर येऊ दिलं नाही. ती दाराबाहेरून म्हणाली, “लग्नातसुद्धा एवढी अंघोळ केली नव्हतीत!”

आरसा लख्ख. एक डाग नाही.

२६ जानेवारी

चंद्र अजून मऊच. हवा खराब असेल.

२९ जानेवारी

चावीचं यंत्र उघडलं. आत जुनं वंगण मेणासारखं घट्ट झालेलं. म्हणून जाम! रॉकेलमध्ये चाकं धुतली, दात्यान् दाता साफ केला. उजव्या डोळ्याला माझं जुनं भिंग लावलं, हातात चिमटा — आणि एकदम पंचवीस वर्षांनी लहान झालो. दुकानाच्या काउंटरमागे बसलोय असंच वाटलं.

फक्त टेबलावरचा बल्ब मंद झालाय. मुलाला नवा आणायला सांगितला.

३० जानेवारी

नवा बल्बही मंदच. हल्ली काही धड बनवत नाहीत.

१ फेब्रुवारी, रविवार

चाललं! चाललं! चाललं!

चावी दिली, टिक टिक सुरू. हिच्या कानाजवळ नेलं. म्हणाली, “जिवंत झाली हो.” मग तिचे डोळे भरले, मला कळलं तिला कोण आठवलं ते. मी उगाच स्क्रू घट्ट करत बसलो.

२ फेब्रुवारी

भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. एका दिवसात चार मिनिटं पुढे! एवढं पुढे जाणारं यंत्र माझ्या हातून कसं जाऊ देईन? बसून वेग कमी केला. आता घड्याळाशी सोळा आणे जुळतं.

३ फेब्रुवारी

मूर्ख. मूर्ख. मूर्ख.

संध्याकाळी रोहिणी लावली, लालसर सुंदर तारा. बरोबर मध्ये धरला. तासाभराने बघतो तर कडेला सरकलेला! पुन्हा मध्ये आणला, पुन्हा सरकला. यंत्र तर मी स्वतः जुळवलेलं. मग एकदम त्याचं बोलणं आठवलं. चहा बशीत ओतत म्हणाला होता — “तुझं घड्याळ सूर्याचं नोकर. ताऱ्यांचा दिवस चार मिनिटांनी लहान असतो, घड्याळवाल्या. त्यांना घरी जायची घाई!”

म्हणजे यंत्र बरोबर होतं आणि मी ते बिघडवलं. दुरुस्त करून बिघडवलं! उद्या पुन्हा होतं तिथे आणतो. छकुलीला हे सांगायचं का? नको.

४ फेब्रुवारी

यंत्र आता ताऱ्यांच्या चालीने चालतं. तारा मधोमध उभा राहिला, खिळा ठोकल्यासारखा. कुणी हलवत नाही, कुणी धरत नाही, आणि तो हलत नाही. काय वाटलं ते लिहिता येत नाही मला.

पण. इथे घोडं अडलं.

तारा एवढा स्थिर झाला तेव्हा पहिल्यांदा निवांत बघता आला. आणि त्याला शेपूट आहे! ठिपका नाही. ठिपक्याच्या उजव्या खालच्या अंगाला अंधुक फराटा, शाई पसरावी तसा. रोहिणीला आहे. व्याधाला तर झाडूच. भिंग बदललं, तरी आहे.

आधी तारा पळायचा म्हणून कळत नव्हतं. मी यंत्र चालू केलं आणि मीच खोट शोधली.

मग शेवटची परीक्षा. पुनर्वसूतला एक तारा, नुसत्या डोळ्याला एक, पण खरे दोन आहेत, एकमेकांना बिलगून. छापखानेवाला म्हणायचा, “ते दोन वेगळे दिसायला तीन गोष्टी स्वच्छ लागतात — हवा, आरसा आणि…” तिसरी आठवत नाही मेली. तिपाई असेल. पाहिलं. दोन नाहीत. एक लांबट गोळा, शेपटासकट.

५ फेब्रुवारी

छकुलीला फोन केला. सांगायलाच हवं होतं. जे चांगलं ते चांगलं म्हणून सांगितलं, तिपाई, यंत्र, आरशाचा लखलखाट. मग शेपटाचं सांगितलं.

“म्हणजे मोडकीच.”

“मोडकी म्हणता येणार नाही गं, पण निर्दोष नाही. आरशाच्या घडणीतच काहीतरी असणार.”

“नको मग काका. मला ठाऊकच होतं. तुम्ही ठेवा.” आणि घाईने, “खरंच ठेवा. बाबांना आवडलं असतं.”

फोन ठेवला. मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलं. पण वही, तुझ्यापासून काय लपवायचं — जिना चढताना गुडघा दुखला नाही! माझी. दुर्बीण माझी! सत्तरीपुढे माणसाला नवी गोष्ट कुठली मिळते? औषधं मिळतात.

७ फेब्रुवारी

लाकडी पेटी करायला घेतली तिच्यासाठी. आतून मखमल लावणार. हिची जुनी साडी मागितली तर म्हणाली, “माझ्या साडीत सवतीला गुंडाळणार?” पण दिली. जांभळी.

९ फेब्रुवारी

हिला वर नेलं. चार मजले, मध्ये दोनदा बसली. गेल्या वर्षी हिच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले तेव्हापासून फार मिजास, लांबून बसची पाटी वाचून दाखवते.

व्याध दाखवला. “अगंबाई! किती चमकतोय!”

“शेपूट बघ. उजवीकडे खाली.”

“कसलं शेपूट? सुईच्या टोकाएवढा आहे. चार बारीक किरण आहेत सगळीकडे सारखे.”

“नीट बघ.”

“नीटच बघतेय. नाहीये शेपूट.”

आता काय बोलायचं? जिला आयुष्यभर मिनिटकाटा कुठला आणि तासकाटा कुठला ते सांगावं लागलं, तिला भिंगातला बारकावा काय दिसणार? बघायलाही शिकावं लागतं. मी फक्त “असू दे” म्हणालो. तिला ते “असू दे” बरोबर लागलं. उतरताना माझा हात धरला नाही.

१२ फेब्रुवारी

आता माझीच आहे तर खोट काढूनच टाकू, असं ठरवलं. घड्याळात बिघाड कुठल्या चाकात आहे ते कसं शोधतात? एकेक चाक फिरवून. शेपूट भिंगात असेल तर भिंग फिरवल्यावर शेपूटही फिरेल. मोठ्या आरशात असेल तर आरसा फिरवल्यावर.

भिंग त्याच्या भोकात गोल फिरवलं. शेपूट जिथल्या तिथे. भिंग निर्दोष.

१३ फेब्रुवारी

आरसा काढला. कडेला खडूने खूण केली, पाव वळसा फिरवून बसवला. पुन्हा सगळं जुळवायचं म्हणजे मानेचा भुगा. अंधार पडल्यावर पाहिलं.

शेपूट तिथेच! उजवीकडे खाली. म्हणजे आरसासुद्धा निर्दोष! मग राहिला वरचा छोटा तिरका आरसा, जो प्रतिमा बाजूला वळवतो. तोच चोर. बदलता येईल असं पोरगा म्हणतो. म्हणजे बरी होईल! पूर्ण बरी!

झोप येत नाही आनंदाने.

१५ फेब्रुवारी, रविवार

सावकाश लिहितो.

संध्याकाळी पुनर्वसू लावला. भिंगाशी डोळा न्यायला मान वाकडी करावी लागत होती, ती भरून आली. सतरंजीवर गुडघे टेकले, डोकं एका खांद्यावर टाकलं, उशीवर टाकतात तसं, आणि बघत राहिलो.

शेपूट फिरलं.

उजवीकडे खाली होतं ते आता डावीकडे खाली. दुर्बिणीला हात लावला नव्हता. मान सरळ केली — शेपूट परत जागेवर. पुन्हा वाकडी केली. पुन्हा फिरलं. माझ्या मानेबरोबर! पाळलेल्या कुत्र्यासारखं माझ्या मागे मागे!

आरसा नाही, भिंग नाही, तिरका आरसाही नाही. मग फिरवायचं काय राहिलं?

मी आयुष्यात डाव्या डोळ्याने भिंगातून पाहिलेलं नाही. दुकानात बसल्या पहिल्या दिवसापासून भिंग उजव्याला. डावा मिटायचा, एवढंच त्याचं काम. आज उजवा तळहाताने झाकला आणि डावा लावला. आधी सापडेच ना काही, नवशिक्यासारखी नुसती चाचपणी.

मग सापडलं.

दोन! दोन तारे! टाचणीच्या टोकांसारखे, मध्ये काळी स्वच्छ रेघ. शेपूट नाही, फराटा नाही, काही नाही. मी ओरडलो. हिला हाक मारली, चार मजल्यांवरून! ही धापा टाकत आली. “काय झालं? छातीत दुखतंय का?”

“दोन आहेत! बघ, दोन आहेत!”

तिने पाहिलं. “हो की. दोन.” मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी अजून उजवा डोळा झाकून उभा होतो. तिला कळलं. एरवी कधी सोडते का? आज सोडलं. उतरताना हात धरला.

तिसरी गोष्ट आठवली. जिन्यातच आठवली. हवा, आरसा आणि डोळा.

१६ फेब्रुवारी

आज काही लिहीत नाही.

१७ फेब्रुवारी

डोळ्यांचे डॉक्टर. उजव्याला मोतीबिंदू, चांगलाच पिकलेला. डाव्याला नुकती सुरुवात. “आजोबा, इतके दिवस कळलं कसं नाही? दिव्यांभोवती कडं दिसत नव्हतं?”

नगरपालिकेचे दिवे. बल्ब. मऊ चंद्र. सगळ्यांना दोष देऊन झाला होता, एका जागेला तेवढा नव्हता दिला.

“लगेच करून घ्या, सोपं असतं,” डॉक्टर म्हणाले. हीच वाक्यं गेल्या वर्षी मी हिला ऐकवली होती, घाबरायचं काय त्यात म्हणून. आता मीच “बघू नंतर” म्हणालो. ही वाटेत एवढंच म्हणाली, “असू दे.”

तेच “असू दे.” चांगलं जपून ठेवलं होतं तिने.

१८ फेब्रुवारी

दुर्बीण निर्दोष आहे. हे वाक्य लिहून अर्धा तास झाला.

कुणाला ठाऊक आहे? मला आणि हिला. छकुलीने तर विचारही सोडला असेल. तिनेच “ठेवा” म्हटलं, मी मागितली नव्हती. खोटं कुठे बोललो मी? मला दिसलं ते सांगितलं. महिनाभर रोज कष्ट केलेत, यंत्र मी जिवंत केलं. ते बंद असतं तर धड म्हणाली असती का ती? आणि ऑपरेशननंतर मला दोन डोळे स्वच्छ मिळतील. मग तर खरी मजा! शनीची कडी बघायची राहिलीत अजून. छकुलीच्या घराला गच्ची तरी आहे का? तिथे खिडकीत चादर पांघरून पडून राहील, इथे रोज आकाश बघेल. छापखानेवाल्याला काय आवडलं असतं?

पेटी झाली पुरी. जांभळी साडी आत फार शोभते. नळी ठेवून पाहिली. मोजून केल्यासारखी बसली, आणि मोजूनच केली होती म्हणा.

हिला विचारलं, “काय करू?” ती तांदूळ निवडत बसली होती, मान वर केली नाही. “मला काय कळतं बारकाव्यातलं.”

छकुलीच्या तोंडचं ते वाक्य कानातून जात नाही — त्यांचं एक तरी काही नीट चालणारं घरात हवंय मला. आणि मी तिला म्हणालो, निर्दोष नाही. म्हणजे बापाचं तेही मोडकंच, असं समजून ती तिकडे बसलीय. माझ्या डोळ्यातला कचरा तिच्या बापाच्या नावावर.

१९ फेब्रुवारी

फोन उचलला नाही तिने, कामात असेल. म्हणून निरोप पाठवला. डावा डोळा लावून, एकेक अक्षर शोधून. इथेही उतरवून ठेवतो, म्हणजे मला फिरता येणार नाही —

छकुली, शेपूट दुर्बिणीत नव्हतं, माझ्या डोळ्यात होतं. बाबांच्या दुर्बिणीत एकही खोट नाही. पुनर्वसूतले दोन्ही तारे वेगळे दिसतात, तुझ्या काकूनेही पाहिले. यंत्र चालतं, रोज संध्याकाळी चावी देतोय. पेटी तयार आहे. न्यायला ये, कधी येतेस ते लवकर कळव. फार वाट बघायला लावू नकोस गं, माझं मन बदलायच्या आत कळव.